कौटुंबिक न्यायालयाचे दार बंद, मग बहिणीचे नाव इंटरनेटवर कसे?

प्रश्न थोडक्यात असा. बहिणीच्या घटस्फोटात तिची उलटतपासणी सुरू झाली आणि सख्ख्या भावाला कोर्टरूमच्या बाहेर बसवले, ‘इन कॅमेरा आहे’, म्हणजे बंद दाराआड चालणारे काम आहे, म्हणून. निकाल बहिणीच्या बाजूने लागला. नवऱ्याने उच्च न्यायालयात अपील केले, तेही फेटाळले गेले. आता तिचे नाव-आडनाव इंटरनेटवर शोधले की सगळ्यांत वर त्या अपिलाचे निकालपत्र येते, तिच्या नैराश्याच्या औषधांच्या उल्लेखासकट. पुन्हा लग्नाची बोलणी सुरू झाली होती, ती त्यावरूनच थांबली. भाऊ विचारतो : न्याय उघडपणे व्हायला हवा, तर मला बाहेर का काढले? आणि बंद दाराआड व्हायला हवा, तर जगाला आत कोणी सोडले?

कौटुंबिक कामे करणारी वकील म्हणून सांगते, दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे मूळ एकाच कलमात आहे : हिंदू विवाह कायद्याचे कलम २२. ते म्हणते, या कायद्याखालचे प्रत्येक काम इन कॅमेरा चालेल. पुढे म्हणते, अशा कामासंबंधी कोणताही मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदा आहे; अपवाद फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राचा, तोही त्या न्यायालयाची आधी परवानगी घेतली असेल तर. कलम मोडले तर दंड, एक हजार रुपयांपर्यंत. आजच्या दराने तेवढ्यात धड नोटीसही टाइप करून मिळत नाही.

१९५५ साली कायदा झाला तेव्हा हे कलम इतके कडक नव्हते. नवरा-बायकोपैकी कोणी मागितले किंवा न्यायाधीशांना योग्य वाटले तरच दार बंद व्हायचे. १९७६ च्या दुरुस्तीने ते सरसकट केले. मग १९८४ साली कौटुंबिक न्यायालय कायदा आला आणि त्याच्या कलम ११ ने पुन्हा जुनीच भाषा धरली : न्यायालयाला वाटले तर इन कॅमेरा, आणि एका पक्षकाराने मागितले तर करावेच लागेल. म्हणजे कागदावर मोठी मजेशीर अवस्था. ज्या गावी कौटुंबिक न्यायालय नाही आणि घटस्फोट वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो, तिथे दार आपोआप बंद. आणि खास कुटुंबांसाठी काढलेल्या न्यायालयात ते मागावे लागते की नाही, यावर दोन वकील अर्धा तास भांडू शकतात. मी भांडत नाही. पहिल्याच तारखेला कलम ११ खाली एक पानी अर्ज देते आणि रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामाच्या टिपणात, त्याची नोंद करून घेते. तसे पाहिले तर याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे वकील नेमणे हा पक्षकाराचा हक्क नाही. मला स्वतःलाही आत उभे राहायला तत्त्वतः न्यायालयाची परवानगीच लागते.

आता तुम्हाला बाहेर का बसवले ते. वर्तमानपत्रवाले आमच्याकडे क्वचितच फिरकतात. बंद दार खरे उपयोगी पडते ते नातेवाइकांपासून. बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी आहे, शयनगृहातल्या गोष्टींवर समोरचा वकील प्रश्न विचारतो आहे, आणि मागच्या बाकावर तिचा भाऊ, वडील, चुलत दीर बसले आहेत. ती उत्तर देताना न्यायाधीशांकडे पाहत नाही, मागे पाहते. ‘नाही’ म्हणायचे तिथे गप्प बसते, आणि टंकलेखकाच्या कागदावर ‘साक्षीदार उत्तर देत नाही’ असे उमटते. हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तुम्ही आत नव्हतात म्हणून तुमच्या बहिणीने कदाचित पहिल्यांदाच सगळे नीट सांगितले असेल. शिवाय तुम्ही साक्षीदार असाल तर तुम्हाला कोणत्याही कोर्टात आधी बाहेरच बसवले असते. ते वेगळे कारण.

पण हे दार किती बंद असते तेही पाहा. पट्टेवाला व्हरांड्यात येऊन पुकारा करतो तो दोघांच्या पूर्ण नावांनिशी. दाराबाहेर त्या दिवसाच्या कामांच्या यादीचा बोर्ड लावलेला असतो, तोच ऑनलाइनही असतो. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अर्जाच्या क्रमांकाला अक्षर असते : ए म्हणजे घटस्फोट किंवा विवाह रद्द करण्याचा अर्ज, डी म्हणजे मुलाचा ताबा, ई म्हणजे पोटगी, एफ म्हणजे परस्पर संमती. जाणकार माणूस बोर्डावरून बोट फिरवून कोणत्या घरात काय चालले आहे ते सांगू शकतो. आतमध्येही न्यायाधीश, लघुलेखक, शिरस्तेदार, दोन्हीकडचे वकील असतात. गर्दीच्या दिवशी पुढच्या केसचे वकील दाराशी रेंगाळतात. ‘इन कॅमेरा’ शब्द भारदस्त आहे, प्रत्यक्षात बऱ्याचदा दार लोटून घेतलेले असते इतकेच.

आणि हे लोटलेले दारही शेजारच्या इमारतीत उपयोगाचे नाही. एकाच जोडप्याची तीन-चार प्रकरणे एका वेळी चालू असणे नेहमीचे. घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात, बंद. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज बहुधा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. त्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे परिस्थिती तशी असेल आणि कोणी मागितले तर इन कॅमेरा होऊ शकते, ‘केलेच पाहिजे’ असे नाही. आणि सासरच्या छळाचे पूर्वीचे ४९८-अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचे भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, त्याचा खटला पूर्ण उघड्या न्यायालयात. तोच प्रसंग, तीच मारहाण, तेच सासरचे. एका दालनात कुजबुजत सांगायचे आणि दुसऱ्या दालनात खचाखच भरलेल्या बाकांसमोर मोठ्याने. पक्षकार मला विचारतात की यातले नक्की गुपित काय. मी सांगते, कायद्याच्या दृष्टीने लग्न मोडणे गुपित आहे, मारहाण नाही.

मग ‘न्याय उघड हवा’ हे आले कुठून? इथे कौटुंबिक कायद्याचे पहिले नवल आहे. उघड न्यायाचे सगळ्यांत जास्त उद्धृत होणारे प्रकरण हे एका मोडलेल्या लग्नाचेच आहे. इंग्लंडमधला १९१३ चा स्कॉट विरुद्ध स्कॉट. पती शरीरसंबंधास असमर्थ म्हणून पत्नीने विवाह रद्द करून मागितला, सुनावणी बंद दाराआड झाली, तिच्या बाजूने हुकूम झाला. तिच्याबद्दल नको त्या गोष्टी पसरू लागल्या, तेव्हा तिने साक्षीची लघुलेखकाकडची नक्कल काढली आणि नवऱ्याच्या वडिलांना, बहिणीला व आणखी एकाला पाठवली. ‘बघा, कोर्टात खरे काय झाले ते.’ खालच्या न्यायाधीशांनी हा न्यायालयाचा अवमान ठरवला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो हुकूम उलटवला आणि सांगितले की केवळ विषय नाजूक आहे, ऐकायला लाज वाटते, एवढ्यावर न्यायालयाला दार बंद करता येणार नाही. अपवाद ठेवले ते मोजके : अल्पवयीन मुले, मनोरुग्ण, व्यापारी गुपिते. मुद्दा असा की जिला गुप्ततेचा फायदा द्यायला दार लावले, तिलाच ते दार नको होते. तिला स्वतःचे नाव साफ करायला उघडेपणा हवा होता. आणि त्या बिचाऱ्या जोडप्याचे आडनाव शंभर वर्षांनंतरही इंग्रजी परंपरेच्या प्रत्येक देशातला विधी महाविद्यालयाचा विद्यार्थी पाठ करतो आहे.

पुढे १९२६ मध्ये तिथल्या संसदेने वेगळी वाट काढली. घटस्फोटांची चविष्ट वर्णने वर्तमानपत्रांचा खप वाढवत होती, म्हणून कायदा केला : पक्षकारांची नावे, पत्ते, आरोपांचा सारांश, कायद्याचे मुद्दे आणि निकाल छापा, साक्षीतला तपशील छापू नका. न्याय उघड, बाजार बंद.

आपल्याकडे हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला तो १९६६ साली, आणि तो जवळपास सगळा मराठी माणसांचा होता. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांवर बदनामीचा दावा चालू होता. एका व्यापारी साक्षीदाराने विनंती केली की माझी साक्ष छापून आली तर माझे धंद्याचे नुकसान होईल. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. लेखी आदेश मागितला तर तोंडी पुरेसा आहे म्हणाले. त्याविरुद्ध गेलेले वार्ताहर म्हणजे नरेश श्रीधर मिरजकर. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाचे मुख्य निकालपत्र साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी लिहिले : न्याय उघडच झाला पाहिजे, पण न्यायच धोक्यात येत असेल तर अपवाद करण्याचा न्यायालयाला अंगभूत अधिकार आहे. मिरजकर हरले. न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. आणि ज्या तारकुंड्यांनी तो आदेश दिला, तेच पुढे देशातल्या नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे मोठे नाव झाले. कोर्टाच्या इतिहासात असे योग येतात.

पण उघड्या दाराची खरी ताकद पाहायची तर आणखी ऐंशी वर्षे मागे, मुंबईतच जावे लागते. रखमाबाईंचा खटला. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली, शिकलेली. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये दावा लावला की बायकोने नांदायला यावे. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला : हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर ‘पुन्हा’ नांदायला पाठवायचे कुठून, आणि मोठी झालेली बाई अशी हुकमाने कुणाच्या घरी धाडणे हा रानटीपणा ठरेल. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरतेला आणि राजकोटला त्यांनी काम केले.

आता विचार करा, हा दावा आजच्या कलम २२ खाली चालला असता तर? ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी लिहिलेली पत्रे छापता आली असती का, हाच प्रश्न निघाला असता. ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध उठवलेले रान उठले नसते हे खरे, पण बेहरामजी मलबारींसारख्या सुधारकांनी चालवलेली मोहीम आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याआधीचा सगळा वादही त्या खटल्याच्या बळावर पेटला नसता. एका बाईची कहाणी कायद्याला हलवते, ती लोकांना दिसली तरच. नांदायला येण्याचा दावा आजही आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये. तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये गेली. आज हुकूम पाळला नाही तर मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि वर्षभर एकत्र न राहिल्यास तोच हुकूम घटस्फोटाचे कारण बनतो. पण आज कलम ९ चे हुकूम कोणत्या कारणांनी दिले जातात, कोणत्या बायकांना, किती सहज, हे बाहेरच्या माणसाला वाचायलाच मिळत नाही.

माझे म्हणणे इथे येते. कौटुंबिक खटल्यात झाकायची ती माणसे. न्यायाधीशाची कारणे झाकायची नसतात. आपण नेमके उलट करतो. कौटुंबिक न्यायालयाने पोटगी कशी मोजली, ताबा आईला का दिला, क्रूरता कशाला म्हटले, हे कुणाला दिसत नाही. तिऱ्हाइताला नक्कल हवी तर कारण दाखवून अर्ज करावा लागतो. आणि नवरा-बायकोची नावे मात्र बोर्डावर, पुकाऱ्यात, ऑनलाइन केस स्टेटसमध्ये आणि अपिलाच्या निकालपत्राच्या पहिल्या ओळीत. तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झाले ते काही चुकून झालेले नाही. सगळी यंत्रणा सरळ चालली की असेच होते.

याचे एक ठळक उदाहरण नागपूरचे. तिथल्या एका जोडप्याचा पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले : पोटगीच्या प्रत्येक कामात दोघांनी उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्जे यांचे ठरावीक नमुन्यातले शपथपत्र द्यायचे. निकाल उत्तम आहे. त्याआधी नवऱ्याचा पगार शोधण्यात वर्षे जायची. पण आता देशातल्या हरेक कौटुंबिक न्यायालयात त्या शपथपत्राला त्या दोघांच्या पहिल्या नावांनीच ओळखतात. व्हरांड्यात कारकून ओरडतो, ‘अमक्या-तमकीचं ॲफिडेव्हिट भरलं का?’ नावे मी इथे लिहीत नाही, वकिलांना ती माहीत आहेत. त्या दोघांना रोज देशभर हाक मारली जाते आणि त्यातल्या कुणालाही हे कधी विचारलेले नाही. निकालाच्या शीर्षकात दोन अक्षरे घातली असती तर नियमांचे काडीचे नुकसान झाले नसते.

गंमत म्हणजे लग्न मोडताना एवढी गुप्तता पाळणारा कायदा लग्न करताना उलट वागतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावतात, आणि नोटीस-वही कुणालाही, विनाशुल्क, कामाच्या वेळेत पाहता येते. घरच्यांच्या धाकाने पळून आलेली जोडपी याच कायद्याकडे येतात आणि हाच कायदा त्यांचे पत्ते भिंतीवर लावतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले की जोडप्याने मागितले तरच नोटीस प्रसिद्ध करावी. सगळ्या राज्यांनी ते उचललेले नाही. हेच जोडपे पुढे घटस्फोटाला आले की मात्र त्याच कायद्याचे कलम ३३ त्यांना बंद दार देते.

पारशी मंडळींची तऱ्हा आणखी वेगळी. फौजदारी खटल्यांतली ज्युरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गेली, पण १९३६ च्या पारशी विवाह कायद्याखाली वादाचा घटस्फोट आजही न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी ऐकतात. पूर्वी सात होते, १९८८ मध्ये पाच केले. तथ्यांचा निर्णय त्यांच्या बहुमताने. मुंबईत ते न्यायालय उच्च न्यायालयात बसते. कामकाज बाहेरच्यांना बंद, छापायला मनाई. पण आत बसलेले पाच जण त्याच छोट्या समाजातले, एकमेकांची घरे ओळखणारे. अनोळखी पन्नास लोकांसमोर बोलणे सोपे की ओळखीच्या पाच जणांसमोर, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मोबाइलने या सगळ्यात नवी भर घातली. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटिंड्याच्या एका प्रकरणात म्हटले की नवरा-बायकोने एकमेकांचे चोरून केलेले फोन रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते. कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १४ आधीच इतके सैल आहे की पुरावा कायद्यात न बसणारा कागदही न्यायाधीश पाहू शकतात. तेव्हा पेन ड्राइव्ह आता रोजचेच झाले. म्हणूनच फाइल कोण पाहतो हा प्रश्न आज कधी नव्हे इतका गंभीर आहे.

व्हिडिओवरच्या सुनावणीचेही तसेच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनास एक अशा बहुमताने सांगितले होते की समेटाच्या टप्प्यावर व्हिडिओ कॉन्फरन्स नको, कलम ११ ची गोपनीयता त्यात राहत नाही. मग करोना आला आणि सगळे पडद्यावर गेले. आज पुण्यातली पत्नी आणि न्यू जर्सीतला नवरा यांचा परस्पर संमतीचा एफ अर्ज असाच निकाली निघतो. चांगले न्यायाधीश आधी विचारतात, ‘खोलीत आणखी कोण आहे? फोन फिरवून दाखवा.’ एकदा फोन फिरला आणि सोफ्यावर सासूबाई दिसल्या. त्या शांतपणे उठून गेल्या, आणि काम पुढे चालले.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांबद्दलही लोक विचारतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे समुपदेशकापुढे बोललेले गोपनीय असते, त्यांना साक्षीला बोलावत नाहीत. पण मुलाच्या ताब्याच्या कामात मुलाशी बोलून समुपदेशक जो अहवाल देतात, त्याला समेटाच्या बैठकीचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. तिथे मुलाचे हित मोठे. हे मला पटते. मूल काय म्हणाले ते न्यायाधीशांना कळायलाच हवे. ते आजोबांच्या मोबाइलवर पोचायला नको.

मग करायचे काय? इंग्लंडने अलीकडे मला पटणारी वाट धरली. लीड्स, कार्डिफ आणि कार्लाइल इथे जानेवारी २०२३ मध्ये प्रयोग सुरू झाला, आणि २७ जानेवारी २०२५ पासून इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या कौटुंबिक न्यायालयांत तो लागू होऊ लागला : पत्रकार आत बसू शकतात, ठरावीक कागदपत्रे पाहू शकतात, काय घडले ते लिहू शकतात, पण कुटुंबाची ओळख पटेल असे काही नाही. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांच्या ताब्याच्या कामांतही हेच लागू. आपल्याकडे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला मान्यता देताना वैवाहिक कामे वगळली, ते बरोबरच. पण नावे झाकून कारणे उघड करण्याचे पाऊल देशभरासाठी नियम म्हणून अजून उचललेले नाही. जो मागेल त्याला मिळते.

म्हणून आता तुमच्या बहिणीचे. निकालपत्र काढून टाका अशी मागणी करू नका. न्यायालये निकाल पुसायला तयार नसतात आणि तसे व्हावे असे मलाही वाटत नाही. मागणी नाव झाकण्याची करा. ज्या अपिलाचा निकाल लागला त्याच अपिलात उच्च न्यायालयात अर्ज द्यायचा : शीर्षकात आणि मजकुरात दोघांची नावे, मुलांची नावे, पत्ता, नोकरीचे ठिकाण यांच्याऐवजी अक्षरे घालावीत, आजारपण आणि औषधांचा परिच्छेद झाकावा, न्यायालयाच्या संकेतस्थळावर सुधारित प्रत ठेवावी, आणि निकाल साठवणाऱ्या खासगी संकेतस्थळांनी व शोधयंत्रांनी जुन्या प्रतीऐवजी तीच दाखवावी. आधाराला कलम २२ मधले ‘आधी परवानगी’ हे शब्द आहेत, २०१७ चा खासगीपणाच्या हक्काचा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आहे, आणि केरळ उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२२ चा निकाल आहे. त्यात खंडपीठाने म्हटले की उघड न्यायात सरसकट ‘मला विसरा’ असा हक्क मागता येणार नाही, पण कौटुंबिक आणि इन कॅमेरा कामांत पक्षकारांनी आग्रह धरला तर त्यांची वैयक्तिक माहिती न्यायालयाने संकेतस्थळावर टाकू नये. तो निकाल मुंबईवर बंधनकारक नाही, पण वजनदार आहे.

अर्ज देण्याआधी नवऱ्याच्या वकिलांना फोन करा. तोही त्याच पानावर नावानिशी आहे, त्यालाही पुढे लग्न करायचे असेल, नोकरी बदलायची असेल. दोघांच्या सहीने अर्ज गेला तर विरोध करायला कोणी उरत नाही. ज्या ज्या दुव्यांवर निकाल दिसतो त्यांची तारखेसह छापील पाने जोडा. नुसते ‘इंटरनेटवर आहे’ म्हणून चालत नाही. खालच्या न्यायालयाच्या ऑनलाइन नोंदीसाठी तिथे वेगळा अर्ज लागेल. आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत घेऊन प्रत्येक खासगी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पाठवा आणि पोच जपून ठेवा. शोधयंत्रातून जुने दुवे जायला त्यानंतरही काही दिवस लागतात, घाबरू नका.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी, जी भाऊ लोक विसरतात. रागाच्या भरात नवऱ्याविरुद्धचा खालच्या न्यायालयाचा निकाल समाजाच्या किंवा वधू-वर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असेल, ‘बघा, कोर्टानेच म्हटले आहे’ म्हणून, तर तोही कलम २२ खालीच येतो. अर्जाच्या सुनावणीत समोरचा वकील तो स्क्रीनशॉट काढेल. आधी तो काढून टाका, आणि बहिणीच्या वकिलांना स्वतःहून सांगा.

ज्यांचे काम अजून चालू आहे त्यांनी हे आधीच करावे. अर्जात आजारपण लिहायलाच लागत असेल तर लागेल तेवढेच लिहा. डॉक्टरांचे कागद बंद लिफाफ्यात दाखल करण्याची परवानगी मागा. आणि अपील दाखल होताच पहिल्या तारखेला शीर्षकात नावांऐवजी अक्षरे घालण्याचा अर्ज द्या. निकाल लागून तो संकेतस्थळावर चढल्यावर हेच काम कितीतरी पटीने लांबते.